पाट्यांच्या गायकवाड मॅडम

गायकवाड मॅडम पाटीचा मजकूर कधी टेबलावर बसून तपासत नसत. मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात छापून झाला की त्या आम्हा सगळ्यांना ऑफिसच्या गच्चीवर घेऊन जायच्या, आणि तेही भर दुपारी. पाण्याच्या टाकीला चिकटपट्टीने कागद लावायचा, आम्ही ओळीने समोर उभं राहायचं आणि एकेकाने मोठ्याने वाचायचं. वाचणारा ज्या वाक्यावर घाम पुसायला थांबेल ते वाक्य मॅडम तिथल्या तिथे पेन्सिलीने उडवायच्या.

"पाटी वाचणारा खुर्चीत बसलेला नसतो," त्या म्हणायच्या. "त्याच्या कडेवर मूल असतं, मागे हॉर्न वाजत असतो आणि बायको पुढे निघून गेलेली असते. त्याला आपली विद्वत्ता नको असते."

शहरातल्या जुन्या, गंजलेल्या पाट्या काढून नव्या लावायचं काम आमच्या लहानशा कंपनीकडे आलं होतं. काही पाट्या नुसत्या वाट दाखवणाऱ्या, बाणाच्या. काही जुन्या कमानी, विहिरी, बाजार, गल्ल्या यांची माहिती सांगणाऱ्या. नकाशे करायचं काम माझं होतं. मजकूर मॅडमचा, इंग्रजीत, आणि त्यांच्या मजकुरावरून बाकीचे लोक तेलुगू आणि उर्दू करायचे. मी पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे हैदराबादला, कुकटपल्लीत येऊन राहिले होते आणि ऑफिसात मराठी बोलायला मॅडमशिवाय कुणी नव्हतं. त्याही कुकटपल्लीतच राहायच्या, म्हाताऱ्या आईबरोबर. त्यांचे वडील नांदेडकडून इथल्या एका कारखान्यात आले आणि इथलेच झाले. मॅडमचा जन्म हैदराबादचा. घरात मराठी, शाळेत तेलुगू आणि बसमध्ये दखनी उर्दू, अशा तीन भाषा त्या एकाच वाक्यात वापरायच्या आणि तिन्ही स्वच्छ बोलायच्या.

सुती साडी, पायात पळायचे बूट आणि काखेत काळी छत्री हा त्यांचा वेश. ती छत्री त्यांनी उघडलेली मला आठवत नाही. छत्रीच्या दांड्यावर त्यांनी निळ्या शाईने एक खूण केली होती. छत्रीचं टोक स्वतःच्या कमरेशी टेकवून ती उभी धरली की ती खूण त्यांच्या आईच्या डोळ्यांच्या उंचीला यायची म्हणे. ठेकेदाराने खांब उंच रोवला की मॅडम छत्री लावून दाखवायच्या. "माझ्या आईला टाचा उंचावून वाचावं लागेल. खाली घ्या." त्यांच्या आईला आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण शहरातल्या निम्म्या पाट्यांची उंची तिच्यावरून ठरली.

आणखी एक सवय म्हणजे वाट विचारायची. ज्या भागात खांब लावायचा तिथे आम्ही आधी पायी फिरायचो, आणि मॅडम स्वतःला पाठ असलेल्या जागेचाही पत्ता लोकांना विचारत सुटायच्या. पानवाल्याला, शाळेतून येणाऱ्या मुलीला, दारात गहू निवडणाऱ्या बाईला. मला सुरुवातीला हे नाटक वाटायचं. पण लोक जागेला काय म्हणतात, कुठल्या वळणावर हात करतात, कुठे गोंधळतात, हे त्यातून कळायचं. एकदा एका पडक्या कमानीपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला त्यांनी ती केव्हा बांधली असं विचारलं. म्हातारा म्हणाला, "परसों बने सो है." इथे परसों म्हणजे कालच्या आधीचा कुठलाही दिवस, गेला आठवडा असो की निजामाचा काळ. मॅडम इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्या कमानीच्या पाटीचं पहिलं वाक्यच त्यावर बेतलं. ते वरून मंजूर झालं नाही, ती गोष्ट वेगळी.

बेगम बाजारात एका मसाल्याच्या व्यापाऱ्याने दुकानासमोर खांब लावू देणार नाही म्हणून वाद घातला होता. मॅडम त्याच्याशी वाद न घालता दुकानात जाऊन बसल्या. मिरच्यांची पोती उतरत होती. आम्ही बाकीचे शिंकून शिंकून बाहेर पळालो. त्या पदर नाकाला लावून दुपारभर बसून राहिल्या आणि हमाल पाठीवर पोतं घेऊन नेमके कुठून वळतात ते बघत राहिल्या. मग बाहेर येऊन म्हणाल्या, बरोबर आहे त्याचं, खांब पलीकडे न्या. "ज्याच्या दारात आपण खांब रोवणार त्याला विचारायला नको का?" हे वाक्य त्यांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते मला त्यांच्या नावासारखंच वाटायचं.

मात्र त्या मायाळू नव्हत्या. रेहाना नावाची एक मुलगी उर्दू अक्षरजुळणी करायची. एका नावातला एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, तिच्याकडून राहिला. मॅडमनी भर बैठकीत तिला उभं केलं आणि चुकलेला शब्द मोठ्याने वाचायला लावला. एका नुक्त्याच्या फरकाने त्या नावाचा अर्थ हास्यास्पद झाला होता. दोघं-तिघं हसले. रेहाना रडत बाहेर गेली. मी जेवणाच्या सुट्टीत मॅडमना म्हटलं, तिला एकटीला सांगता आलं असतं. त्या डबा उघडता उघडता म्हणाल्या, "लाज वाटली तरच चूक लक्षात राहते, मेधा. मलाही तशीच लक्षात राहिली आहे." कुठली ते त्यांनी सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळीत आमच्या सोसायटीतल्या मराठी घरांचं फराळाचं एकत्र जमणं होतं. मी मॅडमना बोलावलं. पुण्या-मुंबईकडची बहुतेक मंडळी, नोकऱ्यांसाठी आलेली. त्यातल्या एक काकू चिवड्याची बशी पुढे करत म्हणाल्या, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "आम्ही नांदेडकडचे." मग चिवडा कुणी केलाय, शेंगदाणे छान तळलेत, असं काहीतरी बोलून त्या बाजूला झाल्या. काकूंनी आपल्या मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं. मला तेव्हा वाटलं, केवढा हा साधेपणा.

जुन्या नावांबद्दल मॅडम हट्टी होत्या. रस्त्याचं, विहिरीचं, दरवाजाचं जुनं नाव सापडलं की ते पाटीवर आलंच पाहिजे. नवं नाव मोठ्या अक्षरात, खाली लहान अक्षरात पूर्वीचं. नावं बदलण्याच्या हौसेवर त्या चिडायच्या. "नाव पुसलं की ते ज्यांनी ठेवलं त्यांची सुटका होते," असं त्यांचं म्हणणं होतं.

गौलीगुड्याहून बेगम बाजाराकडे येताना आतल्या अंगाला एक गल्ली आहे. तिला मी इथे करुणानगर म्हणते. मराठवाड्यातून पिढ्यांपूर्वी शहराच्या साफसफाईसाठी आणलेली माणसं तिथे वसली. आता त्यांची मुलं-नातवंडं दवाखान्यांत, बँकांत, कंपन्यांत नोकरीला आहेत. गल्लीच्या टोकाला एक छोटा विहार आहे, बांधकाम जुनं आणि सुबक, म्हणून ती जागा आमच्या यादीत आली. जुन्या नकाशावर त्या गल्लीला जे नाव होतं ते तिथे राहणाऱ्यांच्या जातीवरून पडलेलं होतं, आणि ते नाव लोक शिवीसारखं वापरत. मी ते इथे लिहीत नाही.

बैठकीत तेलुगू अनुवाद करणारे गृहस्थ चाचरत म्हणाले, हे पाटीवर घालायचं का, लोकांना बरं वाटणार नाही. मॅडमनी चष्मा काढून त्यांच्याकडे बघितलं. "त्या शब्दाचा अर्थ मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तो लपवला तर या शहराने काय केलं तेही लपेल. घालायचा."

मजकूर चांगलाच होता. गल्लीतल्या लोकांना कसं आणलं, कुठे ठेवलं, कुठल्या विहिरीवर त्यांना येऊ दिलं नाही, हे थोडक्यात आणि धीटपणे लिहिलेलं होतं. नकाशाबरोबर त्याची मांडणी मीच केली आणि मला अभिमानच वाटला. एक गोष्ट मात्र मला नंतर आठवली. त्या गल्लीची पाहणी करायला आम्ही गेलो तेव्हा मॅडम कोपऱ्यावरच थांबल्या होत्या. समोरच्या फुटपाथवरून फोटो काढून घे म्हणाल्या. आत कुणाला काही विचारलं नाही. जेवायची वेळ झालीय म्हणून आम्ही लगेच परतलो.

पाटी लागली. पंधरवडा-तीन आठवडे गेले असतील. एका दुपारी चौकीदाराने मला खाली बोलावलं. एक मराठी बोलणाऱ्या बाई आल्यात म्हणाला. साठीच्या पुढच्या, नीटनेटक्या, पांढऱ्या साडीतल्या बाई बाकावर बसल्या होत्या. त्यांचं नाव कांताबाई. सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून त्या निवृत्त झाल्या होत्या आणि करुणानगरात राहत होत्या. पाटीच्या खाली बारीक अक्षरात आमच्या कंपनीचं नाव होतं, त्यावरून विचारत विचारत त्या आल्या होत्या. पाटी कुणी लिहिली तेवढं सांगा, म्हणाल्या. मी मॅडमना बोलावून आणलं.

कांताबाई आवाज न चढवता बोलत होत्या. त्यांच्या सासऱ्यांनी आणि मग नवऱ्याने ते जुनं नाव काढायला कचेरीत चपला झिजवल्या होत्या. रेशनकार्डांवर पहिल्यांदा करुणानगर छापून आलं तेव्हा गल्लीत जिलबी वाटली होती. आता त्यांची धाकटी मुलगी प्रज्ञा एका कंपनीत लागली आहे, कंपनीची गाडी तिला घरी सोडते. गाडीतल्या मुलांनी कोपऱ्यावरची नवी पाटी वाचली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला हसत हसत विचारलं, तू इथे राहतेस?

"तवापासून पोरगी बेगम बाजारात उतरती," कांताबाई म्हणाल्या. "खरेदी हाय म्हनती आन् तिथून चालत घरी येती. रोज कुठं खरेदी असती का, बाई?"

मॅडम आपली बाजू मांडायला लागल्या. नाव पुसलं की अन्यायही पुसला जातो, लोकांना कळलं पाहिजे, असं काहीतरी. बैठकीत जे इतकं ठाम वाटलं होतं ते त्या बाकापुढे उभ्याने बोलताना फार पुस्तकी वाटत होतं. त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण वाक्य अर्धं टाकून त्या गप्प झाल्या.

"आम्ही कोन होतो ते आम्हाला ठावं हाय," कांताबाई म्हणाल्या. "येनाऱ्या-जानाऱ्याला कायकू सांगायचं? तुम्ही आमच्या गल्लीत कुनाला विचारलं तरी का?"

मॅडमनी नाही म्हणून मान हलवली.

मी पाण्याचा ग्लास पुढे केला. कांताबाईंनी तो हातात घेतला आणि विचारलं, "तुमचं नाव काय म्हनलं?"

"गायकवाड."

"कोनते गायकवाड?"

मी मॅडमच्या शेजारीच उभी होते. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नांदेडकडचे."

कांताबाईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग ग्लास तसाच भरलेला बाकावर ठेवला, पदर सारखा केला आणि त्या निघून गेल्या.

मॅडम वर आल्या नाहीत. थेट घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला रिक्षाने बरोबर नेलं. त्याआधी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. वरच्या साहेबांचं म्हणणं होतं की गाजावाजा न करता त्या शब्दावर चिकटणारी पट्टी लावून टाकू. मॅडमनी नकार दिला होता. इथल्या उन्हात पट्टी एका उन्हाळ्यात सुटते, मग खालचं नाव आणखी ठळक दिसेल. आख्खी पाटी काढायची, आणि दिवसाढवळ्या. दोन कामगार नटबोल्ट काढायचे पाने घेऊन कोपऱ्यावर येणार होते.

रिक्षात बराच वेळ त्या बाहेर बघत होत्या. मग आपणहून बोलू लागल्या. कारखान्याच्या वसाहतीत त्यांच्या वडिलांनी कधी खोटं सांगितलं नाही, पण खरंही कधी सांगितलं नाही. घरात बुद्धाची तसबीर आतल्या खोलीत असायची. बाहेरच्या खोलीत कॅलेंडर. पाहुणे आले की मधला पडदा ओढायचा. एकदा, लहान असताना, मैत्रीण खेळायला आलेली असताना मॅडमकडून तो पडदा ओढायचा राहिला. वडील त्यांना काही बोलले नाहीत. नुसते उठले आणि सगळ्यांसमोर पडदा ओढून आले. "तेव्हा मला लाज कशाची वाटली ते मला आजवर नीट कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तसबिरीची की पडद्याची."



"त्या गल्लीत मी का शिरले नाही माहिती आहे?" त्या पुढे म्हणाल्या. "इतर ठिकाणी मी मॅडम असते. तिथे दारात बसलेल्या कुठल्याही बाईने पहिला प्रश्न तोच विचारला असता, जो काल विचारला. सगळ्या हैदराबादला मी वाट विचारली, मेधा, आणि माझ्या माणसांना विचारायची वेळ आली तेव्हा मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. पाटीवर मात्र मोठं धैर्य लिहिलं. त्यांच्या नावाने."

त्या रडत नव्हत्या. त्यांचा चेहरा मात्र, रेहाना बैठकीतून उठून गेली होती त्या दिवशी तिचा होता तसा दिसत होता.

करुणानगरच्या कोपऱ्यावर कामगार आधीच पोचले होते. पान्यांचा आवाज ऐकून माणसं जमायला लागली. कामावर निघालेले लोक थांबले, पोरं दप्तरं घेऊन उभी राहिली. काय चाललंय, कशाला काढताय, असं दखनीत कुणी कुणी विचारत होतं. मॅडमनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ही पाटी मी लिहिली, लिहिताना तुम्हाला कुणाला विचारलं नाही, ती माझी चूक आहे. एकदा दखनीत सांगितलं, मग तेलुगूत, मग मराठीत. एक म्हातारा ठीक आहे ठीक आहे म्हणाला आणि दुसऱ्या एकाने मोठ्याने विचारलं की इतके दिवस काय झोपली होती का. मॅडमनी दोघांनाही हात जोडले.

पाटी जड होती. खाली घेताना एका बाजूला मॅडमनी हात लावला. कामगार नको म्हणत होता. पत्र्याची कड त्यांच्या तळहाताला लागली, तरी ती टेम्पोत उपडी ठेवून होईपर्यंत त्यांनी धरून ठेवली.

मग त्या गल्लीत शिरल्या. मी त्यांच्या मागे. कांताबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं असणार, पण त्या कोपऱ्यावर आल्या नव्हत्या.

"काल तुम्ही विचारलंत, कोणते गायकवाड," मॅडम म्हणाल्या. "मी सरळ उत्तर दिलं नाही. मी तुमच्यातलीच आहे."

"मला कालच कळलं व्हतं," कांताबाई म्हणाल्या. "म्हनून तर पानी न पिता गेले." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कुनी लिवलं असतं तर भांडून मोकळी झाले असते. तुमच्याशी भांडता बी येईना."

मॅडमची मान खाली गेली. त्या माफी मागायला लागल्या तेव्हा कांताबाईंनी त्यांना मधेच थांबवलं. "माफीचं ऱ्हाऊ द्या. पोरगी कोपऱ्यावर उतरू द्या, मंग बघू."

इतक्यात आतून प्रज्ञा बाहेर आली. खांद्यावर लॅपटॉपची पिशवी, केस अजून ओले. तिने आमच्याकडे बघितलं आणि आईला तेलुगूत काहीतरी हळू विचारलं. मॅडमनी तिला विचारलं की आता तिथे काय लिहावं असं तुला वाटतं. तिला वाटेल ते लिहू, हवं तर विहाराबद्दल, हवं तर तिच्या आजोबांनी नाव बदलून घेतलं त्याबद्दल.

"कुछ नक्को," प्रज्ञा म्हणाली. "बाकी गल्ल्यांवर असतं ना, तसं. नुसतं नाव."

एवढं बोलून ती घाईने निघाली. कोपऱ्यावर अजून गर्दी होती. ती तिकडे न जाता मागच्या बोळातून गेली. आम्ही तिघी ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. कांताबाईंनी आम्हाला बसा म्हटलं नाही. आम्हीही थांबलो नाही.

त्याच दिवशी ऑफिसात मॅडमनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बोलावलं. वाटलं, पाटी काढल्याचं कळवतील. त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी काढलेल्या पाटीचा मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला, त्या नावासकट. मग आपण स्वतः कोण आहोत आणि गल्लीत का गेलो नाही तेही सांगितलं. कुणी हसलं नाही. तेलुगू अनुवादवाले गृहस्थ आपल्या हाताकडे बघत होते. मॅडम सांगायचं संपल्यावरही उभ्याच राहिल्या, जणू कुणीतरी पुढचं काही वाचायला लावणार आहे. शेवटी रेहाना उठली, त्यांच्यामागची खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "बैठ जाइए मॅडम." त्या बसल्या. त्यांनी रेहानाचा हात धरला, पण तिच्याकडे बघणं काही त्यांना जमलं नाही.

त्यानंतर त्या आमच्यात जवळजवळ वर्षभर होत्या. उरलेलं काम त्यांनी चोख केलं. पण कुणाच्या चुकीवर त्यांचा आवाज पूर्वीसारखा चढला नाही, आणि मला खरं सांगायचं तर तो न चढणं बघवत नसे. नव्या माणसाने नाव विचारलं की त्या आता आडनावापाशी थांबत नसत. आपण बौद्ध आहोत हे वाक्य त्या लगेच पुढे जोडायच्या, कुणी विचारलेलं नसलं तरी, दुकानदारालासुद्धा. समोरचा माणूस गोंधळायचा. मॅडम त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते बघत राहायच्या. आमच्या सोसायटीतल्या त्या काकूंनाही त्यांनी मुद्दाम भेटून सांगितलं. काकू अस्सं का म्हणाल्या, चहा केला. मॅडम गेल्यावर मात्र मला म्हणाल्या, हे सांगायला एवढं यायची काय गरज होती.

करुणानगरच्या कोपऱ्यावर नवी पाटी लागली. नुसतं नाव आणि बाण, बाकी गल्ल्यांसारखं. नकाशाच्या कामाने मी तिकडे एकदा गेले होते. प्रज्ञा संध्याकाळी बेगम बाजाराच्या बाजूनेच चालत येताना दिसली. तिने मला ओळखलं. मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली, "आदत हो गई, दीदी." मॅडमनी मला त्या दिवशी, तिकडे गेली होतीस का, असं विचारलं होतं. मी गेले होते म्हटलं. त्यांनी पुढचं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

काम संपल्यावर पाट्यांच्या उद्घाटनाचा समारंभ झाला. स्मरणिकेत मजकूर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. ते त्यांनी स्वतःच काढायला लावलं होतं. त्या समारंभाला आल्या नाहीत. थोड्याच दिवसांत त्यांनी नोकरी सोडली. आईची तब्येत बरी नसते, एवढंच कळवलं.

मग त्या मला एकदाच भेटल्या, यंदा दिवाळीच्या आधी. मी बेगम बाजारात सुकं खोबरं घ्यायला गेले होते. गर्दीत कुणीतरी मेधा म्हणून हाक मारली. केस पूर्ण पांढरे झालेले, हातात धणे-मिरच्यांच्या पुड्यांची पिशवी. आई गेल्याचं त्यांनी सांगितलं. माझ्या मुलीची चौकशी केली. आता काय करता विचारलं तर म्हणाल्या, घराजवळच्या मुलांना शिकवते, जमेल तसं.

आम्ही बोलत होतो तिथेच बाजाराच्या इतिहासाची पाटी होती. त्यांनीच लिहिलेली. बाहेरगावचं एक जोडपं समोर येऊन उभं राहिलं आणि त्यातला नवरा बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागला. कुठेही न अडखळता तो वाचत होता. मला राहवलं नाही. मी मॅडमना हळूच म्हटलं, बघा ना, तुमची पाटी.

मॅडमनी माझं कोपर धरलं आणि मला बाजूला घेतलं. "सरक जरा," त्या म्हणाल्या. "आपण त्यांच्या वाटेत उभे आहोत."

मग त्यांनी एका रिक्षाला हात केला, कुकटपल्लीसाठी घासाघीस केली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. पुढे हातगाड्यांची कोंडी झाली होती, रिक्षा बराच वेळ जागची हलली नाही. त्या पाटीच्या अगदी शेजारी होत्या, हात लांबवला असता तर लागली असती. त्या जोडप्याचं वाचून संपलं, ते पुढे गेले, दुसरं कुणीतरी येऊन वाचू लागलं. मी त्या इकडे बघतील म्हणून निरोपाचा हात वर धरून उभी होते. कोंडी सुटून रिक्षा निघेपर्यंत त्या दुसऱ्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या.